नारळी पौर्णिमा आणि लोकसंग्रह

श्रावणी पौर्णिमा आली की वसईच्या किल्ल्यालगतच्या पाचूबंदरात होड्यांवर पताका फडफडू लागतात. कोळीबांधव सागराला श्रीफळ अर्पण करतात. ही केवळ सुरक्षिततेची याचना नव्हे. हा साऱ्या गावाचा संकल्प होय.

पावसाळ्यात मासळीची वीण असते. त्यासाठी शासनाने पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी ठरविली आहे. तथापि कायदा होण्याच्या कितीतरी आधीपासून नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न लोटण्याची मर्यादा या समाजाने धर्म म्हणून पाळली. एकाने ती मोडली तर भुर्दंड साऱ्या गावाला. म्हणून हे व्रत एकट्याचे होऊच शकत नाही.

भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ‘लोकसंग्रह’ हा शब्द दोनदा येतो. संग्रह म्हणजे नीट धरून ठेवणे. लोकांना एकत्र धरून सन्मार्गावर ठेवणे, हा त्याचा भाव. त्याच अध्यायात स्वतःपुरते शिजविणाऱ्याच्या अन्नाला भगवंतांनी पाप म्हटले आहे. सागराचे अन्नही यास अपवाद कसे असेल? यांत्रिक नौकांची पर्ससीन जाळी थवेच्या थवे ओढू लागली तेव्हा लहान होडीवाल्याच्या ताटातला घास हिरावला गेला. पारंपरिक मच्छिमार संघटित झाले, गाऱ्हाणे मांडीत राहिले, आणि ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य शासनाने त्या जाळ्यांवर निर्बंध घातले.

वसईच्या भूमीनेही असा लोकसंग्रह पाहिला आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस येथील वाड्यांवर बांधकामवाल्यांची दृष्टी वळली. विहिरींचे गोडे पाणी टँकरांनी विकले जाऊ लागले. किनाऱ्यालगत असा उपसा झाला की त्या जागी खारे पाणी शिरते, आणि शेजारच्या गरिबाची केळीची बाग सुकते. तेव्हा ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारे लोकांना उभे केले. दहशतीचे दिवस होते. तरी हिंदू आणि ख्रिस्ती शेतकरी खांद्याला खांदा लावून रस्त्यावर आले. पुढे २०२० साली उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे देहावसान झाले.

हे कार्य अन्य धर्मीयाचे म्हणून आपण दूर सारावे काय? आपल्या पंढरीचे उदाहरण पाहा. विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभिले आणि ते १० मेपर्यंत चालविले. त्यांनी विठ्ठलाशी वैर धरले नाही. विठ्ठलाच्या नावानेच न्याय मागितला. कीर्तनाच्या गादीवरून भूतदया सांगणाऱ्या आम्हांस ही कसोटी सदैव लागू आहे.

तेव्हा भाविकहो, आज नारळीभाताचा नैवेद्य दाखविताना आपल्या आळीचा विचार करावा. कोणाच्या नळाला पाणी नाही? कोणाची मजुरी थकली आहे? दारी येणाऱ्या कोळणीशी आपण दोन रुपयांसाठी किती घासाघीस करतो? देवळात आरतीला जमणारी मंडळी आरतीनंतर घटकाभर बसली, आणि यांतील एकाच गाऱ्हाण्याची तड लावण्याचे त्यांनी ठरविले, तरी सागराला वाहिलेले श्रीफळ देवास पावले असे खुशाल समजावे.