अल ऐनचा दवाखाना आणि मुश्रिफची मंडळी

अल रीम बेटावर राहणारी प्रॉटेस्टंट कुटुंबं उपासनेसाठी गाडी काढून अबुधाबीच्या मुश्रिफ भागात जातात. कॅथलिकांचं सेंट जोसेफ, अँग्लिकनांचं सेंट अँड्र्यूज आणि इव्हँजेलिकल कम्युनिटी चर्च तिथे जवळजवळच आहेत. जमीन राज्यकर्त्यांनी दिलेली. एकाच आवारात निरनिराळ्या भाषांच्या मंडळ्या आळीपाळीने जमतात. एकीची प्रार्थना संपते न संपते तोच पुढची माणसं दाराशी येऊन थांबलेली असतात.

सुवार्तिक ख्रिस्ती माणसांना इथे मान मिळाला तो मात्र दवाखान्यामुळे. तेल १९५८ साली सापडलं होतं, पण निर्यात सुरू व्हायला १९६२ उजाडलं. त्या काळात अबुधाबी अमिरातीतल्या अल ऐनच्या खजुरीच्या बागांत बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्मच. निम्मी बाळं दगावत, असं दवाखान्याच्या इतिहासात सांगितलं जातं. १९६० मध्ये अबुधाबीचे तेव्हाचे राज्यकर्ते शेख शखबूत आणि त्यांचे धाकटे भाऊ शेख झायेद यांनी पॅट आणि मरियन केनेडी या अमेरिकन मिशनरी डॉक्टर दांपत्याला बोलावून घेतलं. झायेद यांनी आपलं मातीच्या विटांचं अतिथीगृह त्यांच्या हवाली केलं. हाच ओएसिस दवाखाना. संयुक्त अरब अमिरातींचे आजचे राष्ट्राध्यक्ष शेख मोहम्मद बिन झायेद १९६१ साली इथेच जन्मले. १९६२ मध्ये आलेली कॅनडाची परिचारिका गर्ट्रूड डिक तर घराघरांत ‘डॉक्टरा लतिफा’ झाली. २०१९ पासून दवाखान्याचं नाव ‘कनाद’ आहे. केनेडींना गावकरी याच नावाने हाक मारत.

मिरजेच्या मिशनरी वानलेस हॉस्पिटलमुळे आपल्याला ही वाट ओळखीची वाटते. फरक मोठा आहे तो प्रचाराचा. महाराष्ट्रात १८१३ पासून अमेरिकन मराठी मिशनने उघड प्रचार केला, शाळा काढल्या, छापखाना चालवला. इथे मुसलमानांना धर्मांतरासाठी उपदेश करायला कायद्याने बंदी आहे. त्यामुळे मंडळी वाढली ती पोटासाठी आलेल्या केरळी, तमिळ, फिलिपिनो, आफ्रिकी माणसांमुळे. ही वाढ मला कमी मोलाची वाटत नाही. घरदार दूर असलेल्या माणसाला आजारपणात, नोकरी गेल्यावर विचारपूस करणारं कुणीतरी लागतं, आणि मंडळी ते काम मनापासून करते.

पूर्वी मुख्य उपासना शुक्रवारी होई, कारण सुट्टी त्या दिवशी असे. जानेवारी २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवारवर गेली आणि चर्चना वेळापत्रक नव्याने बसवावं लागलं. घरकाम करणाऱ्या बायकांना अजूनही मालक सोडेल त्याच दिवशी येता येतं.