कोणता सरस सरस?

लाकडी चक्री, म्हणजे ज्याला आपण यो-यो म्हणतो, ती आता दुकानात क्वचितच दिसते. प्लॅस्टिकची फुटली तर फेकून देतात. लाकडाची जोडता येते. पण कशाने? खेळणे क्षुल्लक असले तरी प्रश्न तितका क्षुल्लक नाही.

चारकोपला आमच्या घरी आजीने सावंतवाडीहून आणलेली, लाखेचा रंग दिलेली चक्री आहे. आजी आता नाही. चक्रीची एक तबकडी उभी चिरली आणि आसही ढिला झाला, तेव्हा सुतारकाम करणाऱ्या माझ्या वडिलांनी दोन दिवस ती नुसती निरखली. कारण उघड आहे. एकदा चुकीचा सरस लाकडाच्या रंध्रांत मुरला की तो पुरता खरवडता येत नाही, आणि त्यावर दुसरा नीट धरत नाही. संधी बहुधा एकच मिळते.

पूर्वीचे सुतार जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस शिजवून गरम गरम लावीत. ऊब आणि ओल दिली की तो सांधा पुन्हा सोडवता येई. हा त्याचा मोठा गुण; पण आमच्यासारख्या खाडीकाठच्या दमट हवेत तोच दोष! १९५९ साली मुंबईत फेव्हिकॉल निघाले आणि सरस शिजवण्याची कटकट हळूहळू संपली.

फेव्हिकॉल म्हणजे पाण्यात मिसळलेली कृत्रिम राळ. पाणी लाकडात शोषले जाते, उरलेले हवेत उडते आणि राळ तंतूंना धरून राहते. म्हणून ते कोऱ्या लाकडावरच लागते, लाखेवर नाही. तबकडी चिरली असेल तर दोन्ही कडा एकमेकींत चपखल बसतात. तिथे पातळ थर द्यावा, सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधावी आणि एक दिवस हात लावू नये. पावसाळ्यात दोन दिवस.

ढिल्या आसाचे दुखणे निराळे. तिथे फट असते, आणि फेव्हिकॉल वाळताना आकसते. अशा जागी दोन नळ्यांतील द्रव्ये कालवून लावायचे अ‍ॅराल्डाइट बरे. ते पाणी उडून नव्हे, तर रासायनिक क्रियेने घट्ट होते, त्यामुळे फट भरून निघते. मात्र आसाच्या मधल्या भागावर त्याचा थेंबही नको. दोरी तिथेच फिरते.

क्षणात चिकटणाऱ्या फेव्हिक्विकचा मोह सर्वांनाच होतो. पण त्याचा सांधा ठिसूळ. फेव्हिकॉलच्या डब्यावर दोन हत्ती ओढाताण करताना दाखवतात. चक्रीला कोणी हत्ती ओढत नाही, तिला दोरीच्या टोकाशी दर फेरीला हिसका बसतो. शिवाय तबकडी वाकडी बसली तर सरळ करायलाही फेव्हिक्विक सवड देत नाही.

सगळे वाळल्यावर चक्री आडव्या सुईवर तोलून पाहावी. एकच बाजू पुन्हा पुन्हा खाली येत असेल, तर तिथला जादा सरस पॉलिश पेपरने घासून काढावा. दोरी सुतीच घ्यावी.