✈️ *इथेनॉलपासून विमानाचं इंधन आणि डिझेल: पेरणी ठरवताना किती धरायचं?*



"आता मक्यावर विमानं उडणार, भाव दुप्पट होणार" अशा अर्थाचे मेसेज फिरत आहेत. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरीवर विसंबून पेरणी करू नका. कारण समजून घ्या.

*इथेनॉल थेट का चालत नाही?*
पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळतात, हे आपल्याला माहीत आहे. विमानात तसं जमत नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये विमान इंधनाच्या साधारण ६० टक्केच ऊर्जा असते, शिवाय ते पाणी ओढून घेतं. डिझेल इंजिनाचंही तेच. डिझेल दाबानं आपोआप पेटतं, इथेनॉल तसं पेटत नाही. म्हणून इथे इथेनॉल नुसतं मिसळत नाहीत, त्याचं रूपच बदलतात.

*रूप कसं बदलतात?*
१) इथेनॉलची वाफ तापलेल्या उत्प्रेरकावरून नेतात. त्यातलं पाणी सुटतं आणि इथिलीन वायू उरतो. रायपनिंग चेंबरमध्ये केळी पिकवायला वापरतात, तोच हा वायू.
२) इथिलीनचे छोटे रेणू एकाला एक जोडून लांब साखळ्या करतात.
३) त्यांना हायड्रोजन देतात, म्हणजे इंधन टिकाऊ होतं.
४) शेवटी तापवून भाग वेगळे करतात. मधला भाग विमानाचं इंधन, जड भाग डिझेल.

हे डिझेल नेहमीच्या डिझेलसारखंच असतं, इंजिन बदलावं लागत नाही. विमानात असं इंधन साध्या इंधनात ५० टक्क्यांपर्यंत मिसळायला मान्यता आहे.

*काम कुठवर आलंय?*
▪️ १९ मे २०२३ ला पुणे-दिल्ली प्रवासी विमान असं इंधन थोड्या प्रमाणात मिसळून उडालं. इंधन पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजनं देशी कच्च्या मालापासून तयार केलं होतं.
▪️ अमेरिकेत जॉर्जिया राज्यात लान्झाजेट कंपनीच्या कारखान्याचं उद्घाटन जानेवारी २०२४ मध्ये झालं. क्षमता वर्षाला सुमारे ३.४ कोटी लिटर विमान इंधन आणि ३८ लाख लिटर डिझेल.
▪️ आपल्या सरकारचं उद्दिष्ट आंतरराष्ट्रीय विमानांसाठी २०२७ मध्ये १ टक्का आणि २०२८ मध्ये २ टक्के मिश्रणाचं आहे.

*हिशेब बघा* 🌽
१०० किलो इथेनॉलमधून ३९ किलो पाणी निघून जातं, ६१ किलो वायू उरतो. म्हणजे एक लिटर इंधनाला कमीत कमी १.६ लिटर इथेनॉल लागतं, कारखान्यातली घट धरली तर आणखी जास्त. एका क्विंटल मक्यातून साधारण ३७ लिटर इथेनॉल मिळतं. त्याचं इंधन फार तर २३ लिटर. वर हायड्रोजन आणि यंत्रांचा खर्च. म्हणूनच हे इंधन आज साध्या विमान इंधनापेक्षा कितीतरी महाग पडतं. डिस्टिलरीला पेट्रोलसाठी इथेनॉल विकणं सोपं जातं. आपल्या मक्याचा भाव आज त्या मागणीवर, कोंबडी खाद्यावर आणि बाजारातल्या आवकेवर ठरतो.

शिवाय इथेनॉलचं धोरण बदलू शकतं. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आली, ती ऑगस्ट २०२४ मध्ये उठली. एकाच पिकावर सगळं रान लावणं धोक्याचं.

*आपण काय करायचं?*
✅ "विमान इंधनाचं खास बियाणं" किंवा "नोंदणी फी" म्हणून कुणालाही पैसे देऊ नका. इथेनॉल स्टार्चपासून होतं, त्यासाठी वेगळं वाण लागत नाही.
✅ मक्याचं क्षेत्र आजचा बाजारभाव, हमीभाव आणि पाणी बघून ठरवा.
✅ मका नीट वाळवूनच आणा, ओलावा १४ टक्क्यांच्या आत ठेवा. इथेनॉल काढल्यावर उरलेला चोथा जनावरांच्या खाद्यात जातो आणि बुरशीचं विष त्यात साधारण तिप्पट दाट होतं. त्यामुळे बुरशीचा माल नाकारला जातो.
✅ ई-पीक पाहणी वेळेत करा, खतांची बिलं जपून ठेवा. आंतरराष्ट्रीय नियमानुसार या इंधनाचं प्रदूषण साध्या इंधनापेक्षा किमान १० टक्के कमी असावं लागतं. जंगल असलेली जमीन १ जानेवारी २००८ नंतर मोडून तिथे घेतलेलं पीकही चालत नाही. उद्या खरेदीदार आला तर तो आधी कागद मागेल. ज्याची नोंद पक्की, त्याचाच माल आधी उचलला जाईल.
❌ ट्रॅक्टरच्या टाकीत इथेनॉल मिसळून बघू नका. पंप आणि नोझल खराब होतील.

पेरणीआधी शंका असेल तर गटप्रमुखांना विचारा किंवा कंपनीच्या कार्यालयात या. कुठलाही करार सही करण्याआधी आम्हाला दाखवा.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी 🌱