अक्षरांचं दान

एकोणिसाव्या शतकातल्या दिल्लीत मीर पंजाकश नावाचे एक खुशनवीस होते. खुशनवीस म्हणजे ज्याचं अक्षर बघत राहावं असा लेखक. खरं नाव सय्यद मुहम्मद अमीर रिझवी. पंजा लढवण्यात पटाईत म्हणून ‘पंजाकश’ हे नाव पडलं. त्यांची एक गोष्ट जुन्या दिल्लीत सांगतात. दारात याचक आला की ते पैसे काढत नसत. बोरू उचलायचा, कागदाच्या चिठोऱ्यावर एखादं अक्षर लिहायचं आणि ते त्याच्या हातावर ठेवायचं. तो ते घेऊन बाजारात जाई आणि मीरसाहेबांच्या हातचं म्हणून त्याला रुपया मिळे. 1857 च्या सप्टेंबरात इंग्रजांनी दिल्ली परत घेतली, तेव्हाच्या कत्तलीत हे वृद्ध कलावंत मारले गेले.

आज त्याच दिल्लीत, नोएडा-गाझियाबादपर्यंत पसरलेल्या तिच्या उपनगरांत, अनेक तरुण मुलंमुली घरच्या टेबलावर अरबी सुलेखनाची चित्रं करतात. कॅनव्हासवर ‘बिस्मिल्ला’, चौकटीत कुराणातली ‘आयतुल कुर्सी’, लग्नात भेट द्यायला नवराबायकोची नावं. ऑर्डर इन्स्टाग्रामवर येते, रमझान आणि ईदच्या आधी हाताला उसंत नसते. यातले काही जण प्रत्येक चित्रामागे ठरावीक वाटा कुणाच्या शाळेच्या फीसाठी, औषधपाण्यासाठी, शिध्यासाठी बाजूला काढतात. वरवर पाहता ही समाजमाध्यमांच्या काळातली नवी टूम वाटते. पण अक्षर विकावं आणि त्यातून द्यावं, ही या शहराची फार जुनी चाल आहे.

तेराव्या शतकात दिल्लीच्या गादीवर नासिरुद्दीन महमूद हा सुलतान होता (1246 ते 1266). कारभार त्याचा नायब बल्बन याच्या हाती. सुलतान स्वतः कुराणाच्या प्रती लिहायचा, त्या विकायचा आणि त्या पैशातून आपलं अन्न घ्यायचा, असं प्रवासी इब्न बतूतानं नोंदवलंय. नंतरच्या शतकात तो दिल्लीत आला, तेव्हा सुलतानाच्या हातची एक प्रत काझी कमालुद्दीन यांनी त्याला दाखवलीसुद्धा.

दुसरं उदाहरण मराठी वाचकाला अवघड वाटेल, पण ते टाळता येत नाही. खुलदाबादला ज्याची साधी कबर आहे त्या औरंगजेबाचं म्हणून सांगितलं जाणारं एक मृत्युपत्र ‘अहकाम-इ-आलमगिरी’ या ग्रंथात आहे. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. त्यानुसार टोप्या शिवून मिळालेले चार रुपये दोन आणे कफनासाठी होते. कुराण लिहून मिळालेले 305 रुपये मात्र कफनावर न खर्चता मृत्यूच्या दिवशी फकिरांना वाटायचे होते. कारण असं, की पवित्र ग्रंथ लिहून पैसा घेणं योग्य की नाही यावर मतभेद आहेत. त्याच्या राजवटीचा हिशेब वेगळा आणि जड आहे. पण आज कुठलीही कलाकार मुलगी कुराणातली आयत रंगवून किंमत सांगताना मनात चाचरते, तो संकोच इथे स्पष्ट लिहिलेला सापडतो. आणि त्यावरचा तोडगाही: तो पैसा गरजवंताला द्यावा.

ही अक्षरं उमटतात कशी, ते मराठी माणसाला लवकर कळावं. मोडी ज्या बोरूनं लिहिली, तसलाच बोरू इथे लागतो. इथे त्याला कलम म्हणतात. चाकूनं तासून टोक तिरकं कापायचं. त्या कापाला ‘कत’ म्हणतात, आणि कत बिघडला की अक्षर बिघडलं. शाई पारंपरिक, काजळी आणि डिंकाची. दौतीत रेशमाचे तंतू टाकून ठेवतात, म्हणजे टोकाला गरजेपुरतीच शाई लागते. कागदाला खळ देऊन तो गुळगुळीत दगडानं घोटतात; मग कलम अडखळत नाही.

मापही कलमाचंच. टोक कागदावर टेकवून ओढलं की शंकरपाळ्याच्या आकाराचा ठिपका उमटतो, तो नुक्ता. ‘अलिफ’ या अक्षराची उंची, ‘नून’ची वाटी, सगळं नुक्त्यांत मोजायचं. सुलुस शैलीत अलिफ साधारण सात नुक्त्यांचा, उर्दूच्या नस्तालीकमध्ये तीनच. ही प्रमाणं बसवण्याचं श्रेय बगदादच्या इब्न मुकला या वजिराला देतात. राजकारणात त्याचा उजवा हात तोडला गेला, आणि 940 साली तो कैदेत वारला.

दिल्लीत ही विद्या पोटापाण्याची होती. जामा मशिदीसमोरच्या उर्दू बाजारात कातिब, म्हणजे हातानं मजकूर लिहून देणारे, बसत. पुस्तकं, वर्तमानपत्रं, लग्नपत्रिका, भिंतीवरची पत्रकं, सगळं हातानं लिहून मग छापलं जाई. 1981 मध्ये नस्तालीक संगणकावर आलं. 1994 मध्ये कन्सेप्ट सॉफ्टवेअर या भारतीय कंपनीचं ‘इनपेज’ निघालं आणि थोड्याच वर्षांत कातिबांच्या बैठका उठल्या. रोजगार गेला; कला म्हणून जे उरलं, ते भिंतीवरच्या चौकटीत आलं.

ती शिकण्याची सोय मात्र टिकली, आणि इथेच धर्मादाय धंद्याचं दिल्लीतलं एक मोठं उदाहरण भेटतं. हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी 1906 मध्ये जुन्या दिल्लीत हमदर्द दवाखाना काढला. त्यांच्या ‘रूह अफजा’ सरबताचं रंगीत लेबल मिर्झा नूर अहमद यांनी रेखाटलं आणि ते छापून आलं मुंबईच्या बोल्टन प्रेसमधून. मुलगा हकीम अब्दुल हमीद यांनी 1948 मध्ये हा सगळा चालता धंदा वक्फ केला. म्हणजे नफा कुटुंबाचा राहिला नाही, लोककार्याचा झाला. याच अब्दुल हमीदांनी निजामुद्दीन वस्तीत, गालिबच्या कबरीशेजारी, गालिब अकादमी उभारली. राष्ट्रपती झाकिर हुसेन यांनी 1969 मध्ये तिचं उद्घाटन केलं. तिथे सुलेखनाचे वर्ग चालत आलेत. सरबत आणि औषधं यांतून उभा राहिलेला दानधर्म अक्षरांच्या वर्गापर्यंत पोचला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आजच्या काळातलं एक नाव कमर डागर यांचं. ध्रुपदाच्या डागर घराण्यातल्या या दिल्लीकर कलाकार उर्दू आणि हिंदी, दोन्ही अक्षरांतून चित्रं घडवतात. 2016 चा नारीशक्ती पुरस्कार त्यांना मिळाला. सुलेखनकार अच्युत पालव यांनी मोडी आणि देवनागरीसाठी जे केलं ते जवळून पाहिलेल्यांना या कामाचं मोल वेगळं सांगायला नको.

छोट्या घरगुती धंद्यात दोन गोष्टी काटेकोर हव्यात. पहिली, मजकूर. अरबीत एक ठिपका सरकला तरी अर्थ बदलतो, म्हणून चित्र रंगवण्याआधी कच्चा आराखडा हाफिज (कुराण मुखोद्गत असलेले) किंवा मौलवींना दाखवून घेणारे लोक शहाणे. दुसरी, हिशेब. जकात हे सक्तीचं दान, वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीवर अडीच टक्के, आणि ते कुणाला द्यायचं याचे आठ वर्ग ठरलेले. सदका ऐच्छिक, तो कितीही, केव्हाही. चित्राच्या किमतीतून काढलेला वाटा बहुतेक वेळा सदका असतो. तेव्हा विकणाऱ्यानं ‘कमाई दानाला’ एवढंच मोघम न लिहिता, वाटा किमतीतून की नफ्यातून, किती टक्के आणि कुणाला, हे गिऱ्हाइकाला सांगावं. रंग, कॅनव्हास, चौकट, कुरियर वजा जाऊन हातात थोडंच उरतं. ते सांगायला लाज वाटायचं कारण नाही.

आणि चुकलेले कागद? त्यांवर देवाचं नाव असतं, म्हणून ते केरात जात नाहीत. घरात एका पिशवीत साठवतात, आणि पिशवी भरली की कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी पुरतात.