खांदा बसला, पण पाण्याचा गुंड कोण उचलणार?

दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यात कापूस वेचणीला जोर चढतो. पहाटे डोक्यावर पाण्याचा गुंड, दिवसभर कमरेला ओटी, संध्याकाळी गाठोडे उचलून काट्यापर्यंत न्यायचे. पैसे किलोवर. अशात खांदा दुखतो म्हणून घरी कोण बसणार? आम्हीही बसत नाही.

पण पडून खांदा निखळला, तर तो कुणाकडूनही ओढून बसवून घेऊ नका. आत हाड मोडलेले असेल तर ते आणखी सरकते, काखेतली नस दुखावते. हात आहे तसाच ओढणीच्या झोळीत बांधा आणि त्याच दिवशी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. पुसद, पांढरकवड्याकडच्यांनी आधी जवळचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे.

काही वेळा एक्स-रे चांगला येतो, तरी हात वर उचलत नाही आणि रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. तेव्हा स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी तुटलेली असू शकते. ती एक्स-रेमध्ये दिसत नाही, सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो. मालिश करत महिने घालवले तर पुढे ती शिवणेही अवघड होते.

ऑपरेशनमध्ये ती दोरी पुन्हा हाडाला शिवतात. खरी परीक्षा त्यानंतर घरात असते. साधारण 4 ते 6 आठवडे हात झोळीत राहतो. दुखणे आधी थांबते, दोरी मात्र उशिरा जुळते. नेमकी तिथेच बाई गुंड उचलते आणि टाका सुटतो. जड काम 4 ते 6 महिने नाही. म्हणून पाणी कोण भरणार, सरपण कोण आणणार, हे घरातल्या पुरुषांनी ऑपरेशनच्या आधीच ठरवावे. सासूबाईंवर ढकलू नये!

उलट, भीतीने हात महिनोन्‌महिने बांधून ठेवला तर खांदा आखडतो, साखरेच्या रुग्णांचा तर जास्तच. बोटे आणि मनगट पहिल्या दिवसापासून हलवावे. कोपर आणि खांद्याचा व्यायाम डॉक्टर सांगतील तेव्हा आणि तेवढाच.

खर्चासाठी भरती होण्याआधी रेशनकार्ड व आधार घेऊन आरोग्यमित्राला भेटा. हे ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते का आणि कोणत्या रुग्णालयात, ते विचारा.

घरी आल्यावर ताप आला, जखमेतून पू आला किंवा बोटे बधिर पडली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच रुग्णालयात जा.