जाताना सोळा तास, येताना चौदा

पृथ्वीगोलावर दोरा ताणून अंतर मोजण्याचा गेल्या आठवड्यातला प्रयोग मुंबईतल्या परळ-भोईवाड्याच्या एका वाचकांनी नातवाला शेजारी बसवून केला. मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर, हे उत्तर त्यांनी बरोबर काढलं. दोरा अरबस्तानावरून न जाता नॉर्वे-आइसलँडवरून का जातो, हेही त्यांना पटलं. पण त्यांची लेक न्यू जर्सीत असते आणि तिच्याकडे जाताना थेट विमानाला जवळजवळ सोळा तास लागले, परतताना चौदा. पृथ्वी तर पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणजे न्यूयॉर्क आपणहून सामोरं येतं. मग जाणंच लवकर व्हायला नको का, असं ते विचारतात.

हा प्रश्न मागे ठेवणं मला जमणार नाही.

परळची जमीन तासाला सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते. हवा जागच्या जागी राहिली असती, तर परळवर तासभर नुसतं तरंगत राहिलं तरी खाली ओमानचा किनारा आला असता! तसं होत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. धावत्या लोकलमध्ये उडी मारली तर आपण मागच्या डब्यात पडत नाही, तसंच हे.

फरक पडतो तो वाऱ्याने. विमानाचा खरा वेग हवेच्या तुलनेत असतो, आणि ती हवाच वाहत असते. आपल्या आणि न्यूयॉर्कच्या अक्षांशांवर दहा-बारा किलोमीटर उंचीवर बहुतेक वेळा पश्चिमेचा वारा असतो. त्यातल्या जोरदार पट्ट्यांना झोत किंवा जेट स्ट्रीम म्हणतात. आता हिशोब करा. विमानाचा वेग ९०० धरा आणि वाटभर सरासरी ६० किलोमीटरचा वारा. जाताना ८४० उरतात, येताना ९६० होतात. साडेबारा हजाराला भागलं की पंधरा तासांच्या जरा खाली आणि तेरा तास! चढ-उताराचा वेळ आणि वाटेतली वळणं वर मिळवा. परतीच्या वाटेवर तर हा झोत मिळावा म्हणून मुद्दाम थोडं लांबून नेतात.

अमेरिकेला जायलाच हवं असं नाही. हिवाळ्यात असाच एक झोत हिमालयाच्या दक्षिणेला, उत्तर भारतावर असतो आणि त्याची कड कोलकात्याच्या वाटेवरही जाणवते. मुंबई-कोलकाता सुमारे साडेसोळाशे किलोमीटर. शंभराचा वारा असला तर जाण्यायेण्यात सुमारे पंचवीस मिनिटांचा फरक पडतो.

आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पुढेच आहे. जूनमध्ये हा झोत हिमालय ओलांडून उत्तरेला सरकतो, आणि त्याच सुमारास मान्सून देशात पुढे सरकतो. मग दक्षिण भारतावर, चौदा-सोळा किलोमीटर उंचीवर, उलटा म्हणजे पूर्वेचा झोत सुरू होतो. भारतीय हवामान खात्याचे पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली त्यावर लिहिलेला निबंध जगभर गाजला. प्रवासी विमानं त्याच्या खालून उडतात, त्यामुळे त्याचा पुरा जोर त्यांना लागत नाही. तरी जुलैत मुंबईहून चेन्नईला निघालात, तर समोरच्या पडद्यावरचा जमिनीवरचा वेग जाता-येता दोन्ही वेळा टिपून ठेवा आणि मला कळवा. हिवाळ्यातल्या आकड्यांशी ते ताडून पाहायचे आहेत.