फोनमधला पैसा जातो कुठे? मुलांना हिशेबाचं अ‍ॅप समजावताना

सफाळ्याहून बोलतोय. आजचा विषय छोट्या मंडळींचा आहे, पण हेडफोन तुम्हीच लावा. घरातल्या भाच्याला, धाकट्या बहिणीला हिशेबाचं अ‍ॅप कसं समजवायचं?

आधी अडचण काय, ते बघू. यूपीआय आलं 2016 मध्ये. आज आठ-नऊ वर्षांची असलेली मुलं त्यानंतर जन्मलेली. स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्या मावशींकडेही आता क्यूआर कोड असतो. मुलाला दिसतं काय? फोन धरला, आवाज आला, भाजी मिळाली. पाकीट रिकामं होताना त्याने पाहिलेलंच नाही. माझा भाचा तर सरळ म्हणाला, "मामा, पैसे संपले तर फोन चार्ज कर ना!"

म्हणून अ‍ॅप नंतर, आधी चिंचोके. एक चिंचोका म्हणजे दहा रुपये. तीन डबे घ्या: 'आले', 'खिसा', 'खाऊ'. आजोबांनी शंभर रुपये दिले, तर दहा चिंचोके 'आले'मधून 'खिशा'त. वीस रुपयांचा वडापाव खाल्ला, तर दोन 'खिशा'तून 'खाऊ'त. आता सगळे मोजा. आठ आणि दोन, दहाच! पैसा गायब होत नाही, डबा बदलतो. म्हणून प्रत्येक नोंद दोनदा: कुठून गेला, कुठे गेला. हीच दुहेरी नोंद. लुका पॅचिओलीने ती 1494 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात मांडली. आजचं ग्नूकॅशसारखं मोफत सॉफ्टवेअरही त्याच पद्धतीवर चालतं.

आता खरी गंमत, उधारी. ताईकडून तीस रुपये घेतले. 'खिशा'त तीन चिंचोके वाढले, पण चौथ्या डब्यात तीन लाल मणी टाकायचे. खिशात दिसतात 110, त्याचे स्वतःचे मात्र 80च. पैसे परत केले की चिंचोका जातो, सोबत मणीही जातो. आणि व्याज? व्याज म्हणजे असा चिंचोका, जो खिशातून जातो पण एकही मणी घेऊन जात नाही.

इथे भाच्याने विचारलं, "मामा, तुझ्या डब्यात किती मणी?" मी सांगितलं, "आहेत. बाईकचे. दर महिन्याला थोडे काढतो." आकडा सांगायलाच हवा असं नाही, पण कर्ज लपवूही नका. हप्ता म्हणजे काय हे पोराला घरात कळलं, तर उद्या फोनवर 'दोन मिनिटांत लोन' दिसल्यावर त्याला आधी लाल मणी आठवतील.

हे तीन-चार दिवस खेळा, मगच स्क्रीन दाखवा. डबा म्हणजे खातं, चिंचोका म्हणजे आकडा, एवढंच सांगा. अ‍ॅपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली तर देऊ नका. नोंद मुलाच्या हाताने होऊ दे. आपोआप झालेला हिशेब कोणी बघत नाही.

आणि घाई का? दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः बचत खातं चालवू द्यायची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेली आहे. म्हणजे चिंचोके खेळायला वेळ तसा थोडाच आहे.

तुमच्या घरच्या पोरांनी काय प्रश्न विचारले, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!